चार मुलगे आणि ऐंशी हजार त्रांब्ले

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव कोणतं, तर त्रांब्ले. दर शंभरात साधारण एक माणूस, म्हणजे ८० हजारांच्या आसपास. आडनाव अस्सल फ्रेंच. पण खुद्द फ्रान्समध्ये पहिला मान मार्तां या आडनावाचा, त्रांब्ले तिथे शोधावे लागतात. शाखा फोफावली आणि खोड मात्र बारीकच राहिलं.

शब्दाचा अर्थ गोड आहे. फ्रेंचमध्ये ‘त्रांब्ल’ म्हणजे अ‍ॅस्पेन हे झाड. त्याच्या पानाचा देठ दोन्ही बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याची जराशी झुळूक आली तरी अख्खं झाड थरथरतं. नाव त्यावरूनच पडलं. (आपल्या पिंपळालाही संस्कृतात ‘चलदल’ म्हणतात, हलत्या पानांचा.) अशा झाडांची राई ती त्रांब्ले. राईवरून वस्तीचं नाव पडलं आणि वस्तीवरून माणसांचं. पिंपळगावचा तो पिंपळगावकर हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फ्रान्समध्ये या नावाची गावं एकाहून अधिक आहेत. पॅरिसच्या मोठ्या विमानतळाचा काही भाग त्यातल्याच एका गावाच्या हद्दीत येतो. म्हणजे फ्रान्सभरचे त्रांब्ले एकाच घराण्यातले असण्याचं काही कारण नाही.

क्वेबेकमध्ये मात्र नेमकं उलटं आहे. तिथले जवळजवळ सगळे त्रांब्ले एकाच जोडप्याचे वंशज आहेत. पिएर त्रांब्ले हा वायव्य फ्रान्समधल्या पेर्श प्रदेशातल्या रांदोने गावचा. १६४७ मध्ये तो मजुरीचा करार करून अटलांटिकपार आला. २ ऑक्टोबर १६५७ रोजी त्याचं क्वेबेकमध्ये ओझान आशों हिच्याशी लग्न झालं. ती ला रोशेल बंदराजवळच्या मुलखातली. त्यांना बारा मुलं झाली. त्यांपैकी चार मुलग्यांचा वंश पुढे चालला.

चार मुलग्यांचे ८० हजार कसे होतात? सोपा हिशेब मांडू. त्यातले निम्मे पुरुष धरले तर ४० हजार. चारापासून दहा पिढ्यांत तिथे पोहोचायचं, तर प्रत्येक पुरुषामागे सरासरी अडीच मुलगे मोठे होऊन बाप व्हायला हवेत. ऐकायला फार वाटत नाही, पण दहा पिढ्या सलग हा वेग टिकणं ही मोठी गोष्ट आहे.

आडनावं टिकतात की विझतात हे गणित जुनं आहे. ब्रिटनच्या फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये ते कोडं घातलं. हेन्री वॉटसनने सोडवलं, पण चुकून असा निष्कर्ष काढला की सगळीच आडनावं कधी ना कधी नष्ट होणार. गंमत म्हणजे बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने बरोबर उत्तर १८४५ मध्येच देऊन ठेवलं होतं. सरासरी मुलगे एक किंवा त्याहून कमी असतील तर नाव जाणारच. एकाहून जास्त असतील तर ते कायम टिकण्याची शक्यता उरते. खरा धोका पहिल्या दोन-तीन पिढ्यांत असतो. तिथे एखादी साथ आली किंवा सगळ्या मुलीच झाल्या की संपलं. पिएरचा वंश हा टप्पा चार वाटांनी ओलांडून गेला. यात घराण्याचा पराक्रम शोधू नये, नशिबाचा वाटा मोठा होता.

दुसरा वाटा जमिनीचा. त्रांब्ले मंडळी सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने शार्लव्वा भागात पसरली. तिथली शेती अपुरी पडू लागल्यावर, १८३८ पासून, तिथल्या लोकांनी जंगल तोडत सागने खोऱ्यात वस्ती केली. या भागाच्या वंशावळी तपासल्यावर दिसलं, की वस्तीच्या पुढच्या सरहद्दीवर राहणाऱ्यांची लग्नं लवकर होत, मुलं जास्त होत आणि पुढच्या पिढ्यांत त्यांचा वाटाही मोठा ठरे. पुढे हजारो क्वेबेकवासी अमेरिकेच्या गिरण्यांत गेले, तिथे काही त्रांब्ले ‘ट्रॉम्ब्ली’ झाले.

हे सगळं इतक्या खात्रीने सांगता येतं ते चर्चच्या नोंदवह्यांमुळे. लग्नाच्या नोंदीत पाद्री वर आणि वधू दोघांच्या आईबापांची नावं लिहीत, आणि वधूचं माहेरचं आडनावही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या बालसाक प्रकल्पाने अशा लाखो नोंदी एकमेकींना जोडल्या. सुरुवात सागनेपासूनच झाली.

या कामाचा उपयोग दवाखान्यातही झाला. सागनेमध्ये टायरोसिनेमिया हा यकृताचा आजार आणि एक प्रकारचा आनुवंशिक अ‍ॅटॅक्सिया (शरीराचा तोल आणि हालचालींवरचा ताबा बिघडवणारा आजार) जगात इतरत्र क्वचितच आढळतो तितका आढळतो. दोन्हींच्या दोषी जनुकाचे वाहक तिथे साधारण वीस-बावीसांत एक. ‘आपसात लग्नं केली म्हणून’ हे उत्तर चटकन तोंडात येतं, पण ते चूक आहे. जवळच्या नात्यातली लग्नं तिथे काही विशेष नव्हती. मूळचे लोकच मोजके होते, त्यांच्यातल्या एखाद्याचं दोषी जनुक लोकसंख्येबरोबर वाढत गेलं. याला संस्थापक परिणाम म्हणतात. आडनावाचं आणि जनुकाचं पसरणं एकाच नियमाने झालं, पण म्हणून हे आजार त्रांब्ले मंडळींचे ठरत नाहीत. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आडनाव त्यातल्या एकीचाच माग ठेवतं.

तो माग वाय गुणसूत्राचा. ते बापाकडून मुलाकडे, आडनावासारखंच जातं. ओझानचा माग वेगळा आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या भागाचं डीएनए फक्त आईकडून येतं; तिचं ते डीएनए मुलींकडून नातींकडे, नातींकडून पणतींकडे गेलं, आणि लग्नागणिक आडनाव बदलत राहिलं. आशों आडनावाच्या पाट्या शोधून तिचे वंशज सापडणार नाहीत. त्यासाठी नोंदवही उघडून वधूच्या आईचं नाव, मग तिच्या आईचं, असं एकेक पान मागे जावं लागतं.