खातेनिहाय चौकशी

कारखान्यातील किंवा अन्य आस्थापनेतील कामगारावर गैरवर्तनाचा आरोप असेल, तर शिक्षा देण्यापूर्वी मालकाने स्वतः करायची चौकशी. कामगारांच्या बोलण्यात ती नुसती ‘इन्क्वायरी’. सरकारी नोकरीतली विभागीय चौकशी हिच्याच जातकुळीची, पण तिचे नियम वेगळे. आरोप करणारा, साक्षीदार आणि निष्कर्ष काढणारा बहुधा एकाच कंपनीचा पगार किंवा मानधन घेतो, म्हणून कामगाराला ती नाटक वाटते. मालकाला ती कटकट वाटते. बडतर्फीचा वाद कोर्टात गेला की मात्र मालकाच्या हाती याहून भक्कम ढाल नसते. ती नीट न घडवल्यामुळे खरे आरोपही गळून पडतात.

चौकशीचे मूळ १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यात आहे. कोणते वागणे गैरवर्तन ठरेल हे मालकाने आधी लिहून ठेवावे आणि कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावावे, अशी सक्ती या कायद्याने केली. मुंबई राज्याचे नियम १९५९ चे. त्यांतील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नमुन्यात, २४ व्या कलमात गैरवर्तनाची यादी आहे: हुकूम न मानणे, चोरी, लाच, दांडी, कामात हयगय. ‘शिस्तीस बाधक कृत्य’ हे त्यांतले सर्वांत लवचीक कलम. दुसरे काही सापडले नाही तरी आरोपपत्रात ते असतेच.

सुरुवात आरोपपत्राने होते. तारीख, वेळ, खाते, काय बोलला, काय केले हे त्यात नेमके हवे. ‘तुमचे वर्तन असमाधानकारक आहे’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. कामगाराने कागद घेतला नाही तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी तसा शेरा मारतात, मग रजिस्टर पोस्टाने पाठवतात, तेही परत आले तर नोटीस बोर्डावर लावतात किंवा वर्तमानपत्रात छापतात. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर अधूनमधून दिसणाऱ्या ‘कामावर हजर व्हावे’ छापाच्या नोटिसा याच वाटेवरच्या असतात.

चौकशी अधिकारी बहुधा बाहेरचा वकील असतो आणि त्याची फी कंपनी देते. एवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही, असे न्यायालयांचे मत आहे. कंपनीचे साक्षीदार आधी बोलतात, कामगार किंवा त्याचा प्रतिनिधी त्यांची उलटतपासणी घेतो, मग त्याची बाजू. कामकाजाच्या प्रत्येक पानाखाली सगळ्यांच्या सह्या लागतात. अनुभवी युनियनवाला सही नाकारत नाही. सहीच्या वर ‘मान्य नाही’ असे लिहून ठेवतो. चारपाच वर्षांनी कोर्टात तेच दोन शब्द उपयोगी पडतात. वकील लावण्याचा हक्क कामगाराला सहसा नसतो. पण मुंबई पोर्ट ट्रस्टने आपल्या बाजूने कायदा सल्लागारच उभे केले आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला, तेव्हा ही लढत बरोबरीची नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवले.

पुराव्याचे माप फौजदारी खटल्याएवढे कडक नसते. संभाव्यतेचा काटा कुठे झुकतो एवढे पाहतात. हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग (१९७७) हे एका बस कंडक्टरचे प्रकरण. पैसे दिले पण तिकीट मिळाले नाही असे सांगणाऱ्या प्रवाशांना चौकशीत साक्षीला आणले नाही, म्हणून चौकशी रद्द होत नाही. थोडाबहुत विश्वासार्ह पुरावा असला की पुरे, असे न्यायालय म्हणाले. एसटीच्या कंडक्टरांच्या प्रकरणांत आजही हा निकाल पुढे येतो.

चौकशीचा अहवाल हातात असला म्हणजे मालक सुटला, असे नाही. इंडियन आयर्न अँड स्टील प्रकरणात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाची कारणे मोजून सांगितली: सद्भावनेचा अभाव, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा (निःपक्षपणे दोन्ही बाजू ऐकून घेण्याच्या तत्त्वाचा) भंग, आणि पुराव्याशी विसंगत निष्कर्ष. १९९३ पासून आणखी दोन अटी जोडल्या गेल्या. शिक्षेपूर्वी अहवालाची प्रत कामगाराला द्यायची. आणि आठ दिवसांहून जास्त दांडी मारली की नोकरी आपोआप संपली, असे स्थायी आदेशात लिहिलेले असले तरी त्याला म्हणणे मांडू द्यायचे. दुसरा दंडक डी. के. यादव प्रकरणातला, तो विसरणारे मालक अजून भेटतात.

मालकाला मिळालेले सर्वांत मोठे संरक्षण मात्र वेगळेच आहे. चौकशी सदोष निघाली, किंवा केलीच नाही, तरी कामगार न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन बडतर्फी योग्य होती हे त्याला सिद्ध करता येते. १९७१ च्या अखेरीस औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम आले, शिक्षा बदलण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, आणि ही दुसरी संधी गेली असे कामगारपक्षाने म्हटले. फायरस्टोन प्रकरणात (१९७३) ती शाबूत ठरली. कूपर इंजिनिअरिंग प्रकरणाने (१९७५) क्रम लावून दिला: चौकशी योग्य होती की नाही हा प्रश्न आधी, मग मालकाचा पुरावा. संधी हवी असेल तर तशी मागणी लेखी म्हणण्यातच करावी, असे पुढच्या निकालांनी सांगितले. वकिलांच्या मसुद्यात त्यासाठीचा परिच्छेद आता साच्यातून काढल्यासारखा येतो.

११-अ ने न्यायालयाला दिलेली मोकळीकही अमर्याद नव्हती. महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराने वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्या. कामगार न्यायालयाने बडतर्फी जड ठरवून त्याला कामावर परत घ्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बडतर्फी कायम केली.

महाराष्ट्रात कामगाराकडे आणखी एक हत्यार आहे. १९७१ चा, १९७५ पासून लागू झालेला कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवणे, अवाजवी घाई करणे आणि किरकोळ चुकीला भयंकर शिक्षा देणे या अनुचित प्रथा गणल्या आहेत. तक्रार ९० दिवसांत करायची. थेट न्यायालयात जाता येत असल्याने कामगार हाच रस्ता धरतात. तिसरी अनुसूची उलट संघटनांच्या अनुचित प्रथांची आहे. तिच्या आधारे मालकही न्यायालयात जाऊ शकतो.

निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले ९० दिवस निम्मा पगार, त्यानंतर विलंब कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. भत्ता थकवल्यामुळे कामगाराला चौकशीला येता आले नाही, तर चौकशीच बाद होऊ शकते. हा धोका किती क्षुल्लक रकमेपोटी पत्करला जातो, हे पाहून आश्चर्य वाटते.

१९४६ चा कायदा आणि औद्योगिक विवाद कायदा यांची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. स्थायी आदेशांची सक्ती तिने ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली, निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवायला सांगितले, आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली.