वेब्ली मार्क ४ की एनफिल्ड नंबर २?

सहा घरांचे सिलिंडर, पाच इंची नळी आणि वरची कडी सोडली की पुढे झुकून सगळ्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी टरफले) एकदम बाहेर काढणारी रचना. .३८ बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) या दोन ब्रिटिश रिव्हॉल्व्हरांत हे सगळे सारखेच आहे, आणि ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराला .४५५ पेक्षा हलके शस्त्र हवे होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने नमुना दिला. सरकारने मात्र त्यावरून एनफिल्डच्या आपल्याच कारखान्यात वेगळे रिव्हॉल्व्हर बनवून घेतले. वेब्लीने २,२५० पौंड मागितले. तो दावा फेटाळला गेला, पण पुढे भरपाईदाखल १,२५० पौंड मिळाले.

ओळखताना बहुतेक जण आधी घोडा बघतात आणि तिथेच फसतात. अंगठ्याने मागे ओढायचा काटा घोड्याला नसेल, तर ते बहुधा १९३८ नंतरचे एनफिल्ड मार्क १*. पण काटा आहे म्हणजे वेब्ली, असे मुळीच नाही. सुरुवातीच्या एनफिल्ड मार्क १ लाही काटा होता. त्यांतली पुष्कळशी नंतर दुरुस्तीला आली तेव्हा बदलली गेली. म्हणून न बदललेला मार्क १ जपण्याजोगा. ठशात तारा आणि घोड्याला काटा असेल, तर घोडा मागाहून बसवलेला समजा.

खरा पुरावा सांगाड्यात आहे. एनफिल्डच्या सांगाड्याला स्क्रूने निघणारी झाकणी असते, ती काढली की आतली यंत्रणा उघडी पडते. वेब्लीला अशी झाकणी नाही. त्यामुळे दिसायला सारखे असले तरी एकाच्या यंत्रणेचे सुटे भाग दुसऱ्यात बसत नाहीत. युद्धकाळातल्या वेब्लीवर 'वॉर फिनिश' असा ठसा सापडतो: पॉलिश न करता बाहेर पडलेला माल. १९४२ च्या एनफिल्ड मार्क १** मध्ये घोडा अडवणारा सुरक्षा-भाग गाळला होता, त्यामुळे हातातून पडल्यास गोळी सुटण्याचा धोका. युद्धानंतर तो पुन्हा बसवण्यात आला. आपल्या नमुन्यात आहे ना, हे जाणकार बंदूक कारागिराकडून तपासून घ्या.

नावाचा घोळ निराळाच. 'वेब्ली मार्क ४' या नावाचे १८९९ चे रिव्हॉल्व्हरही आहे, आणि ते .४५५ चे. जाहिरातीत नुसते मार्क ४ लिहिले असेल, तर आधी बोअर विचारा.

भारतात बोअर हाच कळीचा मुद्दा. १९६२ च्या शस्त्र नियमांनी .३८० (म्हणजे याच .३८ ची) आणि .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाशी कडा असलेली काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात टाकली होती. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर उघडउघड वेब्लीच्या घडणीवर बेतलेले आहे, बोअर मात्र वेगळा. नुसते जुने म्हणून परवाना माफ होत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच पुरातन शस्त्राला १९५९ च्या कायद्याचे कलम ४५ सूट देते.

शेवटी सिलिंडर रिकामे करून प्रत्येक घरातून उजेडाकडे बघा. आत पायरी, म्हणजे पुंगळीचे तोंड जिथे संपते तिथली कड, स्पष्ट दिसली पाहिजे. दोन्हींचे मूळ काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन): पुंगळी ०.७७५ इंच लांब, गोळी ०.३६१ इंच जाड. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच लांब, पण अंगाने बारीक. ती बसावी म्हणून कुणी घर पुढे कोरले असेल, तर पायरी सरकलेली दिसते. अशा घरात पुंगळी फुगते, कधी उभी फाटते. संग्राहकाच्या दृष्टीने ते सिलिंडर बाद.