सुविचार आणि त्यातून मिळणारी उभारी (गोवा)

सुविचार म्हणजे एकदोन ओळींचं असं वाक्य जे वाचून माणसाला धीर येतो, काय करायचं ते सुचतं, किंवा निदान सकाळ तरी बरी जाते. गोव्यात हे वाक्य शाळेच्या फळ्यावर असतं, देवळाच्या सभामंडपाजवळच्या बोर्डावर, गावच्या वाचनालयाबाहेर, बसच्या काचेवर, दुकानात गल्ल्याच्या मागे आणि आता जवळजवळ सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला. ही नोंद गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्यांच्या या सवयीबद्दल आहे, पण त्याहून जास्त कुणा दुसऱ्याचं वाक्य आपलं कसं होतं त्याबद्दल आहे, कारण फळ्यावरची ओळ दिसते सगळ्यांना सारखीच पण लागू पडते एखाद्यालाच, आणि तीही एखाद्याच दिवशी.

शाळेचा फळा

गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, 1963 मध्ये दयानंद बांदोडकर म्हणजे भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात गावोगावी, अगदी आडवाटेच्या वाड्यांवरसुद्धा सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. एक किंवा दोन शिक्षक, एक खोली, कधी ती खोली पण नाही तर देवळाची ओसरी. घरात पोर्तुगीज अमदानीत शाळेचं तोंडही न बघितलेले आईबाप होते आणि त्यांची पोरं पहिल्यांदाच अक्षरं गिरवत होती. या शाळांमध्ये सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की सुविचार व्हायचा, आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने चौकट आखून 'आजचा सुविचार' लिहिलेला असायचा. वरच्या वर्गातल्या ज्याचं अक्षर चांगलं त्याला ते लिहायचा मान, आणि तो मान लहान नव्हता, कारण दिवसभर अख्खी शाळा तुमचं अक्षर बघायची. गोव्यातल्या एका पूर्ण पिढीने छापील पुस्तकाबाहेरचं पहिलं मराठी वाक्य असंच फळ्यावर वाचलं असेल असं मला मनापासून वाटतं.

इथे गोव्याची एक खास गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बऱ्याच हिंदू घरांत बोलणं सगळं कोंकणीत आणि वाचणं, भजन, नाटक, पेपर मात्र मराठीत असा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यामुळे धीर द्यायची पण दोन दारं झाली, आई पाठीवर हात ठेवून "भियेनाका, सगळें बरें जातलें" म्हणते ते कोंकणीत, आणि जी ओळ माणूस वहीत उतरून ठेवतो किंवा कपाटाला आतून चिकटवतो ती मराठीत. दोन्ही लागतात. पहिलीत माणूस समोर असतो, दुसरी माणूस नसताना कामाला येते, म्हणून नोकरीसाठी बोटीवर किंवा आखातात गेलेल्यांच्या बॅगेत अशी एखादी चिठ्ठी सापडते. ख्रिस्ती घरांत बायबलातलं वचन भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं, त्याचंही काम हेच.

ओळी येतात कुठून

मराठी सुविचाराच्या मागे दोन मोठे साठे आहेत, संस्कृत सुभाषितं आणि संतवाणी. गोव्याच्या राज्यचिन्हावरच 'सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्' असं लिहिलंय, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो, कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो, आणि सरकारी कागदावर रोज ही ओळ डोळ्यांसमोरून जाते पण कितीजण थांबून वाचतात माहीत नाही. संतवाणी मात्र कानावाटे आली. गोव्यात भजनाचं वेड केवढं हे वास्कोचा दामोदर सप्ताह ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, आणि गावागावातल्या भजनी मंडळांमुळे तुकोबा, ज्ञानोबा, नामदेव यांच्या ओळी लिहिता न येणाऱ्यांनाही पाठ होत्या. पेडणे, सावंतवाडी या पट्ट्यातले सोहिरोबानाथ आंबिये तर आपलेच, 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' ही त्यांची ओळ कितीतरी फळ्यांवर लिहिली गेलीय, विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

तुकोबांची 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' ही तर बहुधा शाळेच्या भिंतीवर सगळ्यात जास्त रंगवलेली ओळ असेल. पण अभ्यासावरच तुकोबांचा दुसरा एक अभंग आहे, आणि तो या ओळीशेजारी ठेवून वाचला की ती एकदम वेगळी लागते. त्यात तुकोबा आधी म्हणतात ओलं मूळ खडक भेदतं, मग म्हणतात 'दोरे चिरा कापे पडिला काचणी'. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घराच्या मागच्या विहिरीवर जा, कठड्याच्या चिऱ्यावर जिथे दोर घासत आला तिथे बोट जाईल एवढ्या खोल खाचा पडलेल्या दिसतील, चार पिढ्यांच्या बायकांनी पाणी ओढून ओढून पाडलेल्या. त्या खाचेत बोट घालून ती ओळ परत म्हणून बघा. अभ्यास म्हणजे दहावीला बसून पाठांतर करणं एवढंच नाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, रोज थोडं आणि न थांबता एवढंच त्यात आहे. सुविचार सुटा करून लिहिला की त्याची अशी संगत तुटते, म्हणून जमलं तर एखाद्या ओळीचा पूर्ण अभंग शोधून वाचावा असं माझं ठाम मत आहे.

स्वामी विवेकानंद 1892 मध्ये गोव्यात आले होते, मडगावात 'दामोदर साल' नावाच्या वास्तूत राहिले आणि राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, जाऊन त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला. त्यांच्या नावावर जे 'उठा, जागे व्हा' सगळीकडे लिहिलेलं असतं ते मुळात कठोपनिषदातलं, 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत', त्यांनी ते नव्याने लोकांच्या तोंडी घातलं. म्हणजे जुनी ओळ उचलून आपल्या काळाला लावणं ही काही व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांची नवी सवय नाही.

ओळ आपली कशी होते

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना 'हे तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिले, सगळ्यांना एकच मजकूर, तरी विद्यार्थ्यांनी तो किती जुळतो याला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले. सुविचारातही हे घडतं, वाक्य मोघम असतं आणि रिकाम्या जागा आपण भरतो. काहीजण म्हणतील मग हा सगळा मनाचा खेळ, पण मला तसं वाटत नाही, ती रिकामी जागा भरताना माणूस जे स्वतःबद्दल कबूल करतो तोच तर त्यातला खरा माल. 'संयम ठेवा' वाचून एकाला सासऱ्याशी चाललेला जमिनीचा वाद आठवतो, दुसरीला मुलाचं गणित आठवतं. वाक्य तेच, पण काय आठवलं ते बघावं, तिथेच कुठेतरी दुखत असतं. यमकाचाही भाग असतो, 2000 साली छापून आलेल्या एका अभ्यासात यमक जुळणारी म्हण लोकांना त्याच अर्थाच्या बिनयमकी वाक्यापेक्षा जास्त खरी वाटली, त्यामुळे कानाला गोड लागलं म्हणून खरं मानू नये एवढी सावधगिरी हवी.

दुसरा एक अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की 'मी चांगला आहे, मी प्रेम करण्यासारखा आहे' अशी वाक्यं स्वतःशी घोकून आधीच स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्यांना बरं न वाटता उलट वाईट वाटतं, कारण मन आतून लगेच 'खोटं' म्हणून ओरडतं. म्हणून खचलेल्या माणसाला 'तू ग्रेट आहेस' छापाची ओळ पाठवण्यापेक्षा एखादं छोटं काम सुचवणारी ओळ बरी. रामदासांचं 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' इथे बसतं, आणि गंमत नाही, गोव्यातच याला पुरावा मिळालाय. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी रुग्णांना सहा ते आठ भेटींत थोडं थोडं करून परत कामाला लावलं, म्हणजे मूड यायची वाट न बघता आधी कृती, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांचा त्रास जास्त उतरला.

टिपर आणि बोर्ड

सत्तरी, डिचोली, उसगाव भागात खाणींचे टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, चालायचे तेव्हा मागच्या फळीवर आणि केबिनच्या काचेवर काहीबाही लिहिलेलं असायचं, देवाचं नाव, आईची कृपा, मुलांची नावं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर थोड्या सुरू झाल्या, परत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लिजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च 2018 पासून थांबल्या. बँकेचा हप्ता डोक्यावर आणि गाडी अंगणात गवत वाढत उभी, अशा दारात 'हेही दिवस जातील' वाचताना त्या ओळीचं वजन कळतं. आधी ती सजावट होती. नंतर घरातला माणूस रोज सकाळी दार उघडून तीच वाचायचा. ओळीने हप्ता भरला नाही हे खरंच, पण अशा वेळी माणूस शेजाऱ्याशी बोलायला बाहेर पडतो की आत बसून राहतो यात एखादी ओळ फरक पाडते, आणि हे मी हलक्यात लिहीत नाहीये.

वाचनालयाबाहेरचे बोर्ड अजून काही गावांत टिकून आहेत. कुणीतरी रिटायर मास्तर किंवा वाचनालयाचा सेवक सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसतो, वाळू देतो आणि लिहितो. पावसाळ्यात मात्र पंचाईत, हवा दमट, फळा वाळतच नाही, खडू घसरतो, पागोळीचं पाणी उडून अर्धी अक्षरं ओघळतात, म्हणून जूनजुलैत एकच सुविचार आठवडा आठवडा राहतो. माझ्या मते हेच बरं, रोज नवीन ओळ आली की एकही मुरत नाही, आठवडाभर राहिलेली मात्र दूध आणायला जाणाऱ्या पोरालाही पाठ होते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं उलटं, सकाळी सात वाजायच्या आत सूर्योदयाच्या फोटोवर दहा सुविचार येतात आणि अंगठ्याने वर सरकतात.

नाव कुणाचं

फॉरवर्डमध्ये ओळीखाली कुणाचंही नाव असतं, कलाम, गांधीजी, आइन्स्टाइन, एखादा नट. गांधीजींच्या नावावर फिरणारं 'जगात जो बदल हवा तो आधी तुम्ही बना' हे वाक्य त्यांच्या लिखाणात या शब्दांत सापडत नाही, 1913 मध्ये त्यांनी एवढंच लिहिलं होतं की आपण स्वतःला बदललं तर जगाचा कलही बदलेल. वाक्य चांगलं असेल तर ठेवा, नाव कापा.

वही

सुविचारवही ठेवणारे गोव्यात अजून आहेत, विशेषतः शिक्षिका आणि भजनी मंडळातल्या बायका. शंभर पानी वही, पहिल्या पानावर श्री, डाव्या समासात तारीख. यात एक छोटी भर घातली तर वही खूपच कामाची होते, ओळीखाली त्या दिवशी ती का उतरवली ते एका वाक्यात लिहायचं, 'बाबांचा रिपोर्ट आला', 'इंटरव्ह्यूला बोलावलं नाही', आणि त्याखाली आता करायचं एखादं काम, तेही जर-तर करून, म्हणजे 'जर उद्या सकाळी परत उठावंसं वाटलं नाही तर आधी फक्त अंगणापर्यंत जाईन'. असे जर-तर ठरवलेले बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पार पडतात हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय. दोन वर्षांनी वही उघडली की ओळींपेक्षा ही खालची वाक्यं वाचली जातात.

ताज्या दुःखात मात्र सुविचार पाठवू नये. घरात माणूस गेलेला असताना 'जे होतं ते चांगल्यासाठी' आलं तर ते लागतं, तिथे जाऊन बसणं हेच करावं. आणि झोप, जेवण तुटलंय, जगणं नको वाटतंय असं कुणी म्हणालं तर ओळ शोधत न बसता त्याच्यासोबत राहून टेलि-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन लावावा, नाहीतर बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात, ज्याला आयपीएचबी म्हणतात, त्याला घेऊन जावं.