परसबागेची जमीन कोणाची?

घरी भाजी पिकवावी, स्वयंपाकघरातला ओला कचरा मातीत जिरवावा, बाजारावर थोडं कमी विसंबावं, हा विचार आज जिथे तिथे वाचायला मिळतो आणि तो गेल्या दहा-पंधरा वर्षांतलाच असावा असं वाटतं. त्याचा माग काढत गेलं की एप्रिल १६४९ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात पोचायला होतं. सेंट जॉर्जेस हिलवरच्या सामायिक पडीक जमिनीवर जेरार्ड विन्स्टॅनली आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी कुदळ मारली आणि गाजरं, पार्सनिप (गाजरासारखंच एक पांढरट कंद), शेंगभाज्या लावल्या. लोक त्यांना ‘डिगर्स’, म्हणजे खणणारे, म्हणू लागले. ज्याला खायला नाही त्याला कसायला जमीन मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आसपासच्या जमीनदारांनी त्यांना मारहाण केली, कोर्टात खेचलं आणि काही महिन्यांत तिथून हुसकावून लावलं.

हे मी मुद्दाम सुरुवातीला सांगतोय, कारण घरच्या भाजीच्या इतिहासात माती, बी आणि पाणी यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा आहे. वाफा कोणाच्या जागेवर आहे, यावर तो किती वर्षं टिकेल हे ठरत आलं आहे.

पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत इंग्लंडमधल्या सामायिक जमिनींना कायद्यानेच कुंपणं पडली. चराईची आणि सरपणाची हक्काची जागा गेलेल्या मजुरांची समजूत काढायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने दिले जाऊ लागले. ‘अलॉटमेंट’ म्हणतात ते हेच. १९०८ च्या कायद्यात एक फार मोलाची तरतूद आली. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक संस्थेला तिची दखल घ्यावी लागते. १९२५ मध्ये त्यावर आणखी एक कुलूप लागलं. या कामासाठी घेतलेली जमीन सरकारच्या संमतीशिवाय विकता येईनाशी झाली.

जर्मनीत सुरुवात वेगळ्या कारणाने झाली. लाइपझिगमध्ये १८६४ साली हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकाने मुलांच्या मैदानासाठी संस्था काढली आणि तिला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचं नाव दिलं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले गेले. मुलं कंटाळली, पालक मात्र रमले. तिथल्या छोट्या बागांना आजही श्रेबरचं नाव आहे आणि गंमत म्हणजे त्यांनी स्वतः एकही बाग काढली नव्हती.

मग महायुद्धं आली. १९१७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स लॅथ्रॉप पॅक यांनी लोकांना रिकाम्या जागांवर भाजी लावायला सांगणारी मोहीम उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनचं दोन तृतीयांशच्या आसपास अन्न जहाजांतून येत होतं आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या टपून होत्या. ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे विजयासाठी खणा, ही घोषणा घरोघरी पोचली. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकात भाज्या उगवल्या. अलॉटमेंटची संख्या १४ लाखांच्या घरात गेली. अमेरिकेत १९४३ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजी लावून घेतली. तिथे त्या काळात सुमारे २ कोटी घरगुती बागा होत्या आणि देशातली ४० टक्के ताजी भाजी त्यांतून येत असावी, असा अंदाज केला जातो. जर्मन सैन्याच्या वेढ्यात उपाशी मरणाऱ्या रशियातल्या लेनिनग्राडमध्ये १९४२ साली सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोरच्या चौकात कोबीचे गड्डे रांगेने उभे होते. ते छायाचित्र पाहिल्यापासून कोबीकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

युद्ध संपलं आणि बागा ओसरल्या. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक बागा उसन्या जागेवर होत्या, त्या मोडल्या. ब्रिटनमध्येही १९७० पर्यंत अलॉटमेंट निम्म्याहून कमी उरल्या. पण उरल्या, कारण खाली कायदा होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दुसरं एक काम शांतपणे चाललं होतं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने ती पुस्तकरूपात आली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, बेताची ओल, तीन वेळा उलथापालथ आणि तीन महिन्यांत खत. आपण हे शेतकऱ्यांकडून शिकलो, हे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. वाडांचं नाव मात्र पुढे मागे पडलं, याची मला खंत वाटते.

या पद्धतीचं मोल कळायला एकदा ढीग स्वतः रचावा लागतो. नीट रचलेला ढीग दोन-तीन दिवसांत आतून तापतो. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढली की ती हातात धरवत नाही. थंड निघाली तर ओल किंवा हवा कमी पडली आहे असं समजायचं. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर पाणी जास्त झालंय. कोरडा पाला मिसळून ढीग उलटायचा. शेवटी हाताशी काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत येतं. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ पासून मासिकातून हॉवर्ड यांचे विचार घरगुती बागवानांपर्यंत नेले. घरातलीच टाकाऊ वस्तू पुरेशी आहे हे त्यामुळे समजलं आणि विकतच्या खतावाचून भाजी करता येऊ लागली.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी बावरी भागातल्या उकिरडा झालेल्या मोकळ्या प्लॉटवर बाग केली. पालिकेने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने दिली. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेली टिकाऊ शेती, हा शब्द रूढ केला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला इंधन आणि रासायनिक खत मिळेनासं झालं, तेव्हा शहरांतल्या मोकळ्या जागांवर बुटक्या भिंतींचे, कंपोस्ट भरलेले वाफे उभे राहिले.

न्यूयॉर्कमध्ये अशा बागा शेकड्यांनी वाढल्या होत्या. १९९९ मध्ये शहराने त्यांतल्या ११४ लिलावात काढायचं ठरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या जागांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांना आता गिऱ्हाईक होतं. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. लिलावाच्या आदल्या दिवसांत दोन ना-नफा संस्थांनी त्या सगळ्या बागा विकत घेतल्या.