चर्मबांधणी (ग्रंथांची)

दुमडलेल्या पानांचे जुडगे दोऱ्याने एकमेकांना शिवून, त्यांना लाकडी फळ्या वा पुठ्ठे जोडून वरून कमावलेले कातडे चढविण्याची हस्तकला. जुन्या संदर्भग्रंथांत या कलेचा इतिहास बहुधा कातड्यावरील नक्षीच्या अंगाने सांगितलेला आढळतो. नक्षीच्या शैलीवरून काळाचा अंदाज बांधता येतो, हे खरे. परंतु पुस्तक टिकते ते शिवणीवर. आणि कारागिरांची परंपरा कोठून कोठे गेली याचा पुरावाही शिवणीत अधिक भरवशाचा मिळतो. नक्षीची नक्कल पाहून करता येते. शिवण मात्र कोणाच्या तरी हाताखाली बसूनच शिकावी लागते. म्हणून या नोंदीत शिवणीला अग्रक्रम दिला आहे.

उगम : उपलब्ध पुराव्यांत सर्वांत जुना भरीव गट ईजिप्तमधील आहे. डिसेंबर १९४५ मध्ये नाग हम्मादी या गावाजवळ सापडलेल्या पपायरसच्या (लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदवजा पानांच्या) १३ हस्तलिखितांपैकी ११ हस्तलिखितांची चामडी वेष्टने टिकली असून त्यांपैकी बहुतेक आज कैरोच्या कॉप्टिक (ईजिप्ती ख्रिस्ती) संग्रहालयात आहेत. एक अपवाद वगळता ही पुस्तके एकाच जाड जुडग्याची आहेत. जुडगा चामड्याच्या वादीने वेष्टनाला बांधलेला असून काही वेष्टनांना दप्तरासारखी झडप आहे. वेष्टन ताठ राहावे म्हणून आतून रद्दी पपायरस चिकटविले आहेत. सातव्या हस्तलिखिताच्या रद्दीत ३४१, ३४६ व ३४८ या वर्षांचे दस्तऐवज आढळले. त्यामुळे ते वेष्टन ३४८ पूर्वीचे असू शकत नाही. त्यानंतर किती वर्षांनी ते तयार झाले, हे मात्र त्यावरून ठरत नाही. ही रद्दी चौथ्या शतकातील ईजिप्ती ख्रिस्ती संत पाखोमियसच्या मठांतली आणि म्हणून पुस्तकेही तेथलीच, असे मत जॉन बार्न्झ यांनी मांडले होते. पुढे जे. सी. शेल्टन यांनी सगळे तुकडे तपासून या अनुमानाबद्दल शंका घेतली. रद्दीत हिशेबाचे व करवसुलीचे कागदही असल्याने ही शंका रास्त वाटते.

अनेक जुडगे साखळीटाक्याने एकमेकांत गुंतवून शिवण्याची पद्धत, जिला सामान्यतः ‘कॉप्टिक शिवण’ म्हणतात, एकजुडगी पुस्तकातून विकसित झाली की स्वतंत्रपणे आली, याविषयी एकमत नाही. यॉर्गोस बूदालिस यांनी ईजिप्तमधील विणलेले मोजे, चपला व वस्त्रे यांच्याशी तुलना करून असे दाखविले आहे, की पुस्तक बांधणाऱ्यांनी नवे तंत्र शोधण्यापेक्षा आसपासच्या कारागिरांचे टाकेच उचलले असावेत. फयूम भागातील हामूली येथे १९१० मध्ये सापडलेल्या आणि पुढल्याच वर्षी अमेरिकन धनिक पिअरपॉन्ट मॉर्गन यांनी विकत घेतलेल्या मठग्रंथांत ही शिवण परिपक्व रूपात दिसते. फळ्यांऐवजी तेथे एकावर एक चिकटविलेल्या पपायरसचे पुठ्ठे आहेत. त्यांपैकी एका वेष्टनावर तांबड्या कातड्यात जाळी कोरून खालून सोनेरी चर्मपत्र (लिहिण्यासाठी तयार केलेले पातळ कातडे) दिसू दिले आहे.

कथबर्ट शुभवर्तमानाचा प्रश्न : पश्चिम यूरोपातील अखंड उरलेली सर्वांत जुनी बांधणी ईजिप्तपासून फार दूर, इंग्लंडच्या नॉर्थंब्रियात आढळते. सुमारे १३८ × ९२ मिमी. आकाराचे हे लहानसे योहानकृत शुभवर्तमान (बायबलमधील येशूचे चरित्र) ११०४ मध्ये डरॅम येथे सातव्या शतकातील संत कथबर्टच्या शवपेटीतून निघाले. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये ते ९० लाख पौंडांना घेतले. पातळ लाकडी फळ्यांवर तांबडे कातडे आहे. त्यावरील उठावाची वेल कातड्याखाली मातीसारखा पदार्थ भरून घडविल्याचे क्ष-किरण तपासणीत दिसले. संताचे अवशेष ६९८ मध्ये हलविण्यात आले, त्याच सुमारास पुस्तक पेटीत ठेवले गेले, असे पूर्वी मानीत. अलीकडे रिचर्ड गेमसन यांनी अक्षरवळणावरून आणि लेस्ली वेबस्टर यांनी नक्षीवरून ते आठव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत आणले आहे. दोन स्वतंत्र मार्गांनी आलेला हा निष्कर्ष अधिक ग्राह्य मानावा.

याची शिवण मात्र निखळ कॉप्टिक वळणाची, म्हणजे आधाराच्या दोऱ्यांवाचून केलेली आहे. ईजिप्तमधील भिक्षूंचा ब्रिटिश बेटांशी थेट संबंध होता, असे काहींनी यावरून सुचविले. त्यापेक्षा इटलीमार्गे झालेला प्रसार अधिक संभाव्य दिसतो. सहाव्या शतकात रोमन विद्वान कॅसिओडोरसने दक्षिण इटलीतील आपल्या मठात निष्णात बांधणीकार ठेवल्याचे व त्यांच्यासाठी नमुन्यांचा ग्रंथ तयार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. आणि नॉर्थंब्रियाचा मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कप रोमहून वारंवार ग्रंथ आणीत असे. शिवण त्या ग्रंथांबरोबर आली असणे स्वाभाविक आहे.

आधारावरची शिवण : कॅरोलिंजियन या फ्रँक राजघराण्याच्या काळात, साधारण आठव्या शतकापासून, यूरोपात जुडगे आडव्या दोरांवर वा वाद्यांवर शिवू लागले. हे दोर ताणून धरण्यासाठी शिवणचौकट आली; जर्मनीतील बाम्बेर्क येथील बाराव्या शतकातील एका हस्तलिखितात ग्रंथनिर्मितीच्या टप्प्यांसोबत तिचे चित्र आहे. शिवून झाल्यावर दोरांची टोके ओक किंवा बीच लाकडाच्या फळ्यांतील खाचांतून ओवून लाकडी खुंट्यांनी पक्की करीत. कण्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्याची पट्टी विणीत, मग रापीने कडा तासलेले ओलसर कातडे पिठाच्या खळीने चढवीत. कण्यावर दोरांचे उंचवटे उठून दिसतात ते यामुळेच. चर्मपत्राची पाने दमट हवेत फुगतात. ती दाबून धरण्यासाठी पितळी कड्या लावीत. कागद व मुद्रण आल्यावर फळ्यांची जागा पुठ्ठ्यांनी घेतली. १८२० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये तयार कापडी वेष्टने रूढ झाली आणि हाताची चर्मबांधणी विशेष प्रतींपुरती उरली.

इस्लामी बांधणी व सोनेरी नक्षी : इस्लामी जगात साखळीटाकाच कायम राहिला. कण्यावर उंचवटे नाहीत, पुठ्ठ्यांच्या कडा पानांबरोबर, आणि मागच्या पुठ्ठ्याला पुढे दुमडणारी झडप, ही तिची ठळक लक्षणे होत. कातड्यावर तापलेल्या ठशाने सोन्याचा वर्ख बसविण्याचे तंत्र कोठे निघाले, हे निश्चित नाही. मोरोक्कोतील माराकेश येथील १२५६ च्या एका कुराणाची बांधणी हे त्याचे आरंभीचे उदाहरण सामान्यतः देतात. इटलीत हे तंत्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. ते पूर्वेकडून आले यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. मार्गाविषयी मतभेद आहेत.

कातडे : मध्ययुगात तुरटी व मिठाने कमावलेले पांढरे कातडे विपुल वापरात होते. काटेकोर अर्थाने ही कमावणी नव्हे, कारण पाण्याने तुरटी निघून जाते. तथापि कोरडे राखल्यास असे कातडे शतकानुशतके लवचिक राहते. वनस्पतिजन्य कमावणीत साल कोणत्या झाडाची, यावर बांधणीचे आयुष्य ठरते. एकोणिसाव्या शतकातील कातडी बांधण्या लाल भुकटी होऊन गळू लागल्या तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये व विस्तारित आवृत्ती १९०५ मध्ये निघाली. रंगविताना वापरलेले गंधकाम्ल, दिव्यांच्या वायूचा धूर आणि कातडे अतिशय पातळ करण्याची सवय ही कारणे तिने दाखविली. त्याचबरोबर हिंदुस्थानात तरवडाच्या सालीने कमावून निर्यात होणारे कातडे ग्रंथबांधणीस अयोग्य ठरविले व सुमाक वनस्पतीने कमावलेल्या कातड्याची शिफारस केली. तरवडातील टॅनिने (कातडे कमावणारी द्रव्ये) संघनित वर्गातील असून ती हवेतील आम्ले अधिक शोषतात. सुमाकातील टॅनिने वेगळ्या वर्गातील असून ती त्या मानाने कमी शोषतात. समितीचे एक सदस्य, बांधणीकार डग्लस कॉकरेल यांनी पुढे १९३५ मध्ये ‘कोडेक्स सायनायटिकस’ या बायबलच्या चौथ्या शतकातील ग्रीक हस्तलिखिताची नव्याने बांधणी केली.

महाराष्ट्र व दख्खन : मराठी पोथ्यांची पाने बहुधा सुटी असत, ती फळ्यांमध्ये धरून रुमालात बांधीत, त्यामुळे अशा पोथ्यांत शिवणीचा प्रश्नच येत नसे. दख्खनच्या सुलतानांच्या ग्रंथालयांत मात्र झडपेची चर्मबांधणी चाले. विजापूरच्या असर महालातील ग्रंथसंग्रहाचा उरलेला भाग १८५३ मध्ये लंडनला नेण्यात आला. तो आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.