साडेसात मिलिलीटरमधला शून्य

सोलापुरातून पुण्याला रक्ताची ट्यूब पाठवायची म्हटली की हात आधी बर्फाच्या डब्याकडे जातो. बाहेर ४२ अंशांचं ऊन, आणि रक्त थंड ठेवायचं हे सगळ्यांना पाठ. पण अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी, म्हणजे सीटीसी, शोधायच्या असतील तर हेच शहाणपण नडतं. थंडीने प्लेटलेट्स चेकाळतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या गोळ्यांत नेमक्या हव्या त्या पेशी अडकतात. उन्हात तापलेल्या गाडीत ट्यूब राहिली तर तांबड्या पेशी फुटतात, बाकीच्या मरायला लागतात. हवं ते तापमान १५ ते ३० अंश. त्यासाठी थर्माकोलचा डबा आणि फ्रीझरमध्ये न ठेवलेले, खोलीच्याच तापमानाचे जेल पॅक पुरतात. वैशाखात डबा सकाळच्या गाडीने गेलेला बरा.

ट्यूब कोणती, हेही आधी ठरवायला हवं. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त काही तासांतच यंत्रावर चढवावं लागतं. पेशी टिकवणारं रसायन घातलेल्या खास ट्यूबमध्ये ९६ तास मिळतात. पुणे-मुंबईला पाठवायचं तर तीच घ्यावी. रक्त भरल्यावर ती आठ वेळा हळूच उलटीसुलटी करायची. खळाखळा हलवली की तांबड्या पेशी फुटल्याच, आणि नाहीच हलवली तर गुठळी. शिवाय सुई कातडीतून आत शिरताना कातडीच्या पेशी ओढून नेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅन्सरपेशीचं सोंग घेऊ शकतात. म्हणून पहिली ट्यूब सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीला द्यावी, सीटीसीला दुसरी.

कॅन्सरची मोजदाद सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे. पण पेशंट मोजणं निराळं आणि पेशी मोजणं निराळं. तपासणीला घेतात त्या साडेसात मिलिलीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ३,००० कोटी, पांढऱ्या पाच कोटींच्या आसपास, आणि सीटीसी एक, दोन, कधी पाच, पुष्कळदा एकही नाही. अशी पेशी पहिल्यांदा पाहिली ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अ‍ॅशवर्थने, १८६९ साली, एका मृत पेशंटच्या रक्तात. ती नेमाने मोजता येईल अशा यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळायला २००४ उजाडलं, आणि तीही आधी स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी.

यंत्राची युक्ती साधी आहे. लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर इपकॅम नावाच्या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडं चिकटवतात. इपकॅम अवयवांच्या अस्तराच्या पेशींवर आणि त्यांतून उपजलेल्या कॅन्सरपेशींवर असतं, रक्तपेशींवर नसतं. कण रक्तात मिसळले, लोहचुंबक लावला की कणवाल्या पेशी भिंतीला खेचल्या जातात आणि बाकीचं रक्त धुऊन निघतं. तरीही हजारो पांढऱ्या पेशी मागे उरतातच, म्हणून तीन रंग देतात. केंद्रक दिसलं पाहिजे, अस्तराच्या पेशीची खूण असलेलं केराटिन दिसलं पाहिजे, आणि पांढऱ्या पेशीची खूण असलेलं सीडी४५ दिसता कामा नये. आकार किमान चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश. या कसोट्यांवर उतरलेली पेशीच सीटीसी म्हणून मोजली जाते. शेवटचा कौल मात्र माणसाचा असतो. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला हो किंवा नाही म्हणताना दोन अनुभवी डोळ्यांचंही एकमत होतंच असं नाही.

अंडाशयाचा कॅन्सर इथे जास्तच चकवतो. तो मुख्यतः पोटातल्या पोटात पसरतो. पेशी गाठीवरून सुटतात, पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पदराला, ओमेंटमला, जाऊन चिकटतात. रक्ताची वाट तो अजिबात धरत नाही असं नाही. २०१४ साली दोन उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं, तेव्हा एकाला दिलेला अंडाशयाचा कॅन्सर दुसऱ्याच्या ओमेंटमवर उगवला. पण त्या वाटेवर गर्दी कमी. त्यात भर म्हणजे प्रवासाला निघताना काही पेशी अस्तराचं रूप टाकतात. त्यांच्यावरचं इपकॅम घटतं आणि त्या लोहचुंबकाला दाद देत नाहीत. आठ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीवर रक्त गाळायची पद्धत इपकॅमवर विसंबत नाही. मात्र तिच्यातून लहान कॅन्सरपेशी निसटतात, मोठ्या पांढऱ्या पेशी अडकतात आणि गाळणी तुंबते ती वेगळीच.

म्हणून रिपोर्टातला शून्य जपून वाचावा. रक्तात साडेसात मिलिलीटरला सरासरी एक पेशी असेल, तर काहीही न चुकता शंभरांपैकी ३७ ट्यूब रिकाम्याच निघतील. सरासरी तीन असतील तरी पाच. त्यात प्रयोगशाळेतली गळती धरलेलीच नाही. ती किती, हे तपासायला निरोगी माणसाच्या रक्तात अंडाशयाच्या कॅन्सरच्या वाढवलेल्या पेशी मोजून, समजा ५०, टाकतात आणि किती परत हाती लागल्या ते पाहतात. हा आकडा सांगू न शकणाऱ्या लॅबच्या शून्यावर विसंबू नये.

निदानासाठी ही तपासणी नाही, निरोगी दिसणाऱ्यांतून पेशंट हुडकायची चाळणी म्हणून तर नाहीच. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन मोजणं आणि तुकड्याची तपासणी (बायोप्सी) यांची जागा ती घेत नाही. सीए-१२५ ची ३५ ही मर्यादा पोटाच्या टीबीतही ओलांडली जाते हे आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, आणि त्यावर उतारा म्हणून सीटीसी सुचवण्याचा मोह होतो. पण ज्या चाचणीत कॅन्सर असूनही शून्य येतो ती हा घोळ सोडवणार कशी? तिचा उपयोग झाला तर एकाच पेशंटमध्ये, उपचाराआधी आणि उपचारानंतर, एकाच पद्धतीने मोजून आकडे शेजारी ठेवण्यात आहे. त्यासाठी रिपोर्टावर आकड्याबरोबर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: रक्त किती मिलिलीटर, काढलं किती वाजता, यंत्रावर चढलं किती वाजता, आणि शेवटच्या केमोला किती दिवस झाले.