दवाखान्यातला आकडा आणि घरातला आकडा

दवाखान्यात बीपी १६०, घरी १३५. मग खरं कोणतं? घरी रक्तदाब मोजून तो डॉक्टरांना पाठवण्याची आजची पद्धत मोबाइलने आणली असं वाटतं, पण ती या प्रश्नातून उभी राहिली आणि हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी हे साधन १८९६ मध्ये इटलीतल्या शिपिओने रिवा-रोच्ची यांचं. १९०५ मध्ये रशियात निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकून वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे मिळवले. त्यानंतर मोजणी डॉक्टरांच्या कानावर विसंबली.

१९४० मध्ये अमेरिकेत आयमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांना घरी मोजायला शिकवलं, तेव्हा घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा कमी निघाले. एवढी मोलाची नोंद कित्येक वर्षं दुर्लक्षित राहिली, याची हळहळ वाटते. १९८३ मध्ये इटलीत ज्युसेप्पे मान्चिया यांच्या गटाने धमनीतच नळी ठेवून सलग नोंद घेतली. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा दाब चढे, तोही सरासरी सुमारे २७ मि.मी.ने (रक्तदाब पाऱ्याच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये मोजतात)! रुग्णाला याचा पत्ताही नसतो.

दरम्यान जपानमध्ये कानाची गरज नसलेली यंत्रं घरोघरी पोहोचत होती. पट्ट्यातल्या हवेची स्पंदनं मोजून ती आपोआप आकडा दाखवत. इवाते प्रांतातल्या ओहासामा या छोट्या गावात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांना अशी यंत्रं देऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. पुढचा धोका दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्यातून अधिक नेमका कळतो, हे तिथे दिसलं. घरच्या मोजणीत दाब जास्त कधी मानायचा, यासाठी १३५/८५ ही मर्यादा ठरवण्यात या कामाचा मोठा हात आहे.

घरच्या आकड्यावर विश्वास बसल्यावरच तो दूर पाठवण्याला अर्थ आला. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या ५२७ रुग्णांच्या चाचणीत लोकांनी घरून आकडे पाठवले आणि आधी ठरलेल्या योजनेप्रमाणे स्वतः गोळ्या वाढवल्या. वर्षभरात त्यांचा वरचा दाब इतरांपेक्षा ५.४ मि.मी.ने जास्त उतरला. कोविडकाळात दवाखान्याची पायरी चढणं अवघड झालं, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने घरोघरी यंत्रं वाटली.

यंत्र दिलं की काम झालं, असं मात्र नाही. २०१७ मध्ये २५ चाचण्यांची माहिती एकत्र तपासली गेली. नुसतं घरी मोजणाऱ्यांचा दाब जेमतेम १ मि.मी.ने उतरला होता. ज्यांच्याशी कोणी नियमित बोलून औषधं बदलत होतं, त्यांचा सुमारे ६ ने.